मनगटावरचा वळ

हिंगणघाट
१७ नोव्हेंबर २०२४

इला,

वर आशीर्वाद लिहायचे की नाही या विचारात दोन कागद फाडले. मोठी बहीण म्हणून लिहायला हवेत. पण आठ वर्षांत तू माझ्या घराची पायरी चढली नाहीस, आणि तुझा नंबर मी तिसऱ्याच माणसाकडून मिळवला तर तू फोन उचलत नाहीस. तेव्हा आशीर्वाद दिले असं समज, नको असतील तर सोडून दे.

काम एवढंच आहे. आमच्या शेजारी एक बाई राहतात. त्यांच्या मालकांना विसरण्याचा आजार झालाय, आपल्या आईला झाला होता तोच. तू आईला चार वर्षं नागपूरला सांभाळलंस, म्हणून विचारायचं होतं की तू तिला आंघोळ कशी घालायचीस. या बाईंनी नुसता तांब्या उचलला तरी ते गृहस्थ ओरडायला लागतात, की गल्लीला वाटावं कोणी मारतंय.

बत्तीस वर्षं शाळेत पोरांची खोटी कारणं पकडली आणि माझं स्वतःचं खोटं चार ओळींच्या वर टिकत नाही. शेजारी कोणी बाई नाहीत, इला. हेच आहेत. तुझे भाऊजी.

तिसरं वर्ष चालू आहे. सुरुवात गाद्यांपासून झाली. जिनिंगच्या कारखान्यात पस्तीस वर्षं कापूस पाहण्यात गेली ना त्यांची. चिमूटभर कापूस दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा, खिशातल्या काळ्या फडक्यावर ठेवायचा आणि धागा किती लांब ते सांगायचं. शेतकरी आणि मालक दोघंही तो शब्द मानायचे. एक दिवस मी भाजी घेऊन आले तर यांनी आदेशच्या लग्नातली गादी उसवून दिवाणभर पसरलेली. मला म्हणतात, "धागा आखूड आहे. ह्या मालाले भाव नाई लागनार." मी हसले. चौथ्या गादीला नाही हसले.

मग मी अक्कल लढवून मार्केट यार्डातून पोतंभर कापूस आणवला. सरकी काढत दोन-दोन तास बसतात. तेवढ्यात माझा स्वयंपाक होतो. पण आता हंगाम आहे. कापसाच्या गाड्यांचे हॉर्न ऐकू आले की हे निघालेच. दिवाळीच्या आधी हायवेच्या मधोमध एका ट्रकपुढे हात वर करून उभे होते, ताडपत्री काढ म्हणून. ड्रायव्हरनं कसाबसा ब्रेक मारला. तेव्हापासून दाराला आतून कुलूप आहे आणि किल्ली माझ्या कमरेला.

आदेश हैदराबादहून दर रविवारी फोन करतो. शेवटचं वाक्य ठरलेलं, "आई, तू स्वतःची काळजी घे." मी हो म्हणते. ती कधी घ्यायची आणि तेव्हा यांच्याजवळ कोण बसणार, हे तो सांगत नाही, मीही विचारत नाही. कामाला शोभाबाई येते, सकाळी दोन तास. माझी तब्येत ठीक आहे. पोटात खाली थोडं ओढल्यासारखं होतं, वयाचं असेल.

आठ वर्षांपूर्वी जे झालं ते झालं. मी तो विषय काढत नाही, तूही काढू नकोस. आंघोळीचं तेवढं कळव.

कोकिळाताई


हिंगणघाट
२९ डिसेंबर २०२४

इला,

सहा आठवडे झाले, तुझं उत्तर नाही. पोस्टाला दोष द्यावा तर आमचा पोस्टमन भला माणूस आहे. उत्तर द्यायचंच नसेल तर तसं लिही, म्हणजे मी दारातल्या डब्यात हात घालणं बंद करीन. एवढा कसला ताठा तुला?

इथं एक वाईट प्रकार झाला. यांचं उजवं मनगट सुजून काळंनिळं पडलं. शोभाबाईनं त्यांना दिवाणाच्या पायाला बांधलं होतं, जुन्या लुगड्याची पट्टी फाडून. मी बाथरूममध्ये होते. हे किती वेळ ओढत होते कोण जाणे. पट्टी रुतून कातडी सोलली. मी तिला त्याच दिवशी काढून टाकलं. आदेशला तसं सांगितलं, इथल्या डॉक्टरांनाही सांगितलं. डॉक्टर म्हणाले, अशी माणसं घरात ठेवू नका. खरंच आहे. बिचाऱ्या म्हाताऱ्या माणसाला बांधून ठेवायला हात धजतो तरी कसा. तुला हे लिहायला मला बरं वाटत नाही, आईचं मनगट तुला आठवत असेल. पण लिहायला दुसरं आहे कोण.

माझंही सांगते. वर्ध्याला दाखवून आले. पिशवी खाली आली आहे आणि रक्त जातं. ऑपरेशन लवकर करा म्हणाल्या डॉक्टरीणबाई, आठ दिवस दवाखान्यात आणि नंतर महिनाभर वजन उचलायचं नाही. मी म्हटलं, पाहते. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मावशी, तुम्ही पाहते म्हणून मागच्या मार्चमध्येही गेलत्या." आता साठ-पासष्ट किलोचं माणूस रोज उठवते-बसवते, ते कुठं ठेवून जाऊ? आदेशला ऑपरेशनचं कळवलेलं नाही. तो नोकरी टाकून येईल नाहीतर आम्हाला तिकडे नेईल. दहाव्या मजल्यावर हे गॅलरीतून कापसाच्या गाड्या शोधतील.

तू आंघोळीचं अजून कळवलं नाहीस. सोळा दिवस झाले यांच्या अंगाला पाणी नाही.

कोकिळा


हिंगणघाट
९ जानेवारी २०२५

इला,

तुझं कार्ड काल आलं. अक्षर बदललं नाही तुझं, वेलांट्या अजून लोंबतात. किती वेळा वाचलं सांगू? पाठच झालंय. "पाणी डोक्यावर घेऊ नको, पायापासून सुरुवात कर. अंगावर पंचा राहू दे, उघडं केलं की लाज वाटते त्यांना. पाणी त्यांच्या हाताला आधी लावून दाखव. शोभाबाईला परत बोलाव."

आज सकाळी तसंच केलं. पायांपासून. गुडघ्यांपर्यंत आले तरी ओरडले नाहीत. पंचा ओला झाला तसे स्वतःच म्हणाले, "पाठ चोळ ना." मी पाठ चोळली आणि मला रडू फुटलं. ते कशाचं हे आता लिहिते.

तू कार्डावर विचारलं नाहीस, शोभाबाईनं खरंच बांधलं का. नुसतं परत बोलाव म्हणालीस. तुला पहिल्याच वाचनात समजलं असणार.

मी बांधलं, इला. शोभाबाई त्या दिवशी आलीच नव्हती, तिच्या नातीला ताप होता. सकाळपासून हे चार वेळा दाराशी गेले होते, कडी हलवून हलवून खिळा सैल केला होता. मला आंघोळीला जायचं होतं, रक्त जात होतं, कपडे भरले होते. मी माझंच जुनं लुगडं फाडलं आणि बांधलं. बांधताना त्यांनी हात पुढं केला होता, मी घड्याळ बांधतेय असं त्यांना वाटलं असावं. पाच मिनिटांत येते म्हटलं. बाथरूममध्ये पाटावर बसले आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. शुद्ध आली तेव्हा पाणी थंड झालं होतं आणि बाहेर ऊन अंगणात आलं होतं. दीड तास तरी गेला असेल. हे एका हातानं उशीतला कापूस काढत होते, आणि दुसरा हात तसा.

गाठ सुटेना, कापावी लागली. त्यांनी मनगटाकडे पाहिलं आणि मला विचारलं, "कोनं बांधलं वं?" आणि मी म्हटलं, "शोभाबाईनं." माझ्या तोंडातून इतक्या सहज निघालं की मलाच नवल वाटलं. एकदा म्हटल्यावर आदेशला तेच सांगितलं, डॉक्टरांना तेच, तुला तेच. शोभाबाई दुसऱ्या दिवशी कामाला आली तर तिला दारातूनच परत पाठवलं. तिनं कारण विचारलं. मी दार लावून घेतलं.

आता ते दुसरं. मी विषय काढणार नाही म्हणाले होते, तो काढल्याशिवाय हे पत्र पुरं होत नाही.

आई गेल्यावर तिला नागपूरहून आपल्या गावी वडनेरला आणलं, मे महिना होता. अंगणात आडोसा करून आपण तिला शेवटची आंघोळ घालत होतो. मी तिच्या बांगड्या वर सारल्या तर मनगटाभोवती काळं कडं. मी तो हात उचलून सगळ्या बायकांना दाखवला. काय म्हणाले तेही मला अक्षर न् अक्षर आठवतं. "पाहा वं बायांनो, इनं माह्या मायले जनावरासारखं बांधून ठेवलं." तू काहीच बोलली नाहीस. मग आईच्या तोंडात पाणी घालायची वेळ आली, तू पेला उचललास, आणि मी तो तुझ्या हातातून काढून घेतला. मी म्हटलं, "तुह्या हातचं पानी तिले नाई पचनार." तू पिशवी उचललीस आणि तेरवीलाही थांबली नाहीस. मी सगळ्यांना सांगत फिरले की बघा, पळून गेली.

चार वर्षांत मी आईकडे किती वेळा आले? दिवाळीला चिवड्याचा डबा घेऊन यायचे आणि संध्याकाळच्या बसनं परत. तुझ्या ऑफिसच्या वेळेत तिला कोण पाहतं हे मी कधी विचारलं नाही. तिची नखं वाढलीत, एवढं मात्र बोलून यायचे.

काल शोभाबाईकडे गेले होते. यांना सोबत घेऊन, दुसरा उपाय काय. तिच्या अंगणात तिच्या सुनेसमोर सगळं सांगितलं, की मी बांधलं आणि तिच्यावर घातलं. ती तांदूळ निवडत होती, सूप बाजूला ठेवलं नाही. म्हणाली, "गल्लीतल्या तीन घरचं काम गेलं माह्यं, मास्तरीनबाई." मी म्हटलं, त्या तिन्ही घरी मी जाईन. मग ती म्हणाली, "जाजो." बस इतकंच. मी आज दोन घरी जाऊन आले, तिसऱ्या घरी उद्या जाते. सोमवारपासून ती येणार आहे, पण तेही तिनं यांनाच सांगितलं, माझ्याशी बोलली नाही.

माफी मागते, असं लिहून पाहिलं, फार लहान दिसतं ते कागदावर. तरी लिहिते. मला माफ कर. नाही केलंस तरी चालेल.

ऑपरेशनची तारीख ३ फेब्रुवारी दिली आहे. आदेशला आता कळवलं, तो आठवडाभर दवाखान्यात माझ्याजवळ राहील. यांच्याजवळ कोणी नाही. शोभाबाई दिवसाचे चार तास देईल, उरलेले वीस राहतात. तू ये असं म्हणायला मला तोंड नाही. तारीख पुढं ढकलावी असं परवापर्यंत मनात होतं. पण बाथरूममध्ये पुन्हा अंधारी आली आणि पट्टी तेव्हाही बांधलेली असली तर? म्हणून विचारते. दहा दिवस येशील का?

कोकिळा


वर्धा, दवाखाना
८ फेब्रुवारी २०२५

इला,

तू माझ्या घरात आहेस आणि मी तुला पत्र लिहिते आहे, आदेश हसतोय. म्हणतो, "आई, मावशीला फोन लाव ना." फोनवर तू "ठीक आहे, जेवले, झोपले" याच्या पुढे जात नाहीस, मग मी काय करू. त्याच्या हाती हे पाठवते.

टाके ओले आहेत, ताप उतरला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून सहा महिने थांबला असता तर अवघड होतं. इथं दुपारी दोनला पडदे ओढतात आणि सगळ्यांना झोपायला लावतात. पहिल्या दिवशी मी दचकून तीनदा उठले, किल्ली चाचपत. चौथ्या दिवशी साडेचारपर्यंत झोपले. उठल्यावर इतकं अपराधी वाटलं की आदेशवरच ओरडले, मला उठवलं का नाही म्हणून.

तू आलीस तो दिवस डोळ्यांपुढून जात नाही. तुझं कार्ड तीन शब्दांचं, "एकतीसला येते, इला." मला वाटलं होतं दारात काय बोलायचं ते दोघींनाही सुचणार नाही. पण तू चपला काढल्या आणि म्हणालीस, "मी तुह्यासाठी नाई आली. भाऊजीसाठी आली." मी म्हटलं, हाव. मग तू सगळं घर फिरून पाहिलंस, बाथरूममधला पाट उचलून बाहेर ठेवलास, तिथं खुर्ची ठेवलीस, दिवाणाच्या पायाशी वाकून पाहिलंस. लाकडावर पट्टी घासल्याची खूण उमटली होती. तू त्यावरून बोट फिरवलंस आणि उठलीस.

आणि मग भांडी घासताना तू बाह्या वर केल्यास. मी टॉवेल द्यायला आले होते. कोपरापासून मनगटापर्यंत ते पांढरे डाग, काही गोल, काही अर्धे. मी विचारलं, भाजलं का? तू नळ चालू ठेवूनच म्हणालीस, "मायचे दात आहेत ते. कपडे बदलाले गेली का चावे. तिचे हात सोडले का माह्ये हात तिच्या दातात जात. मंग बांधत होती." मला आठवलं, आईला नेलं त्या मेच्या उन्हात तू पूर्ण बाह्यांचं पोलकं घातलं होतंस, आणि मी मनात म्हणाले होते, मायचं मढं अंगणात आणि हिला फॅशन सुचते. मी तुला विचारलं, "तवा काऊन नाई सांगितलं?" तू म्हणालीस, "तू माह्या हाताकडं पाहिलंच नाई ना."

दवाखान्यात आल्यापासून हेच चाललंय डोक्यात. एवढी हुशार मास्तरीण मी, एक मनगट पाहिलं आणि निकाल देऊन मोकळी झाले.

तू माफ केलंस का, हे मी विचारणार नाही. भाऊजींना भेंडी चिरून देऊ नकोस, आख्खी दे, हातात धरून खातात.

कोकिळाताई


हिंगणघाट
२ मार्च २०२५

इला,

तू पोचल्याचा मेसेज मिळाला. तू लिहून भिंतीला चिकटवलेला कागद तसाच आहे. दुपारी दोन ते चार शोभाबाई यांच्याजवळ आणि मी आतल्या खोलीत, दार लावून. पहिले तीन दिवस मी आत बसून कपड्यांच्या घड्या घातल्या. शोभाबाईनं दाराबाहेरून सुनावलं, "झोपाले सांगितलं हाय तुमाले, घड्या घालाले नाई." म्हणजे बोलायला लागली माझ्याशी, निदान रागवायला तरी. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी तू येणार असं तू तिला सांगून गेलीस, मला नाही सांगितलं. चालेल. मी शोभाबाईकडून ऐकलं.

पण हे पत्र दुसऱ्या गोष्टीसाठी आहे. मी दवाखान्यातून आले त्या दिवसाबद्दल. तू चहाचे दोन कप आणून ठेवलेस, माझ्या डोळ्यांत पाणी पाहिलंस आणि आत गेलीस. नंतर तू मला जरा जपूनच वागवलंस, मला त्याचं फार लागलं असेल असं तुला वाटलं म्हणून. तू आत गेल्यावर काय झालं ते तुला ठाऊक नाही.

आदेश सामान उतरवत होता. मी हळूहळू पायऱ्या चढून आत आले. हे दिवाणावर कापूस घेऊन बसले होते, स्वच्छ, दाढी केलेली, मनगटावर नवी कातडी आलेली. वर पाहिलं आणि चक्क उठून उभे राहिले. म्हणाले, "या, बसा. कुठून आल्या?"

मी म्हटलं, "वर्ध्याहून."

"लांबून आल्या बाप्पा." आणि आत तोंड करून हाक मारली, "कोकिळा! पाव्हन्या आल्या, चहा टाक." आणि आतून तू "टाकते" म्हणालीस.

मला लागलं, खोटं कशाला सांगू. छत्तीस वर्षांचा संसार, आणि अकरा दिवस बाजूला झाले तर माझं नाव दुसऱ्या बाईला देऊन मोकळे. तू कप घेऊन आलीस ते तेव्हा. त्या वेळचं पाणी त्याचंच होतं.

पण तू आत गेल्यावर ते बोलत राहिले. किती चांगलं बोलले, इला. तीन वर्षांत माझ्याशी असं बोलले नव्हते. माझ्याशी "दार उघड", "नको", "तू कोन" एवढंच असायचं. पाहुणीशी मात्र सभ्यपणानं बोलतात. यंदा कापूस कसा आहे तुमच्याकडं, वेचनी झाली का, बोंडअळी आली का. मी तोंडाला येईल ते सांगत होते. त्यांनी चिमूटभर कापूस अंगठ्यांत ओढून मला दाखवला आणि म्हणाले, "हा पाहा, चांगला आहे." आणि मग आवाज बारीक करून, दाराकडे बघत, "आमची मंडळी लय थकते. बस म्हनतो, तर बसत नाई. तुमी सांगून पाहा."

मी म्हटलं, सांगते.

मी चहा प्याले. गरम होता. मी बसून प्याले आणि कप उचलायला उठले नाही, पाहुणीनं उठायचं नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला ओळखलं, "किल्ली दे" म्हणून ओरडले, आणि सगळं पुन्हा सुरू झालं. त्याचं काही नाही.

आदेशला हे सांगितलं तर तो रडेल. शोभाबाई देवाचं नाव घेईल. इथल्या बायका म्हणतील, नवऱ्यानं ओळखलं नाही, बिचारी. त्या अर्ध्या तासात मी त्यांची कोणीही नव्हते, इला, आणि मला फार बरं वाटलं. तुलाही आईजवळ कधी असं झालं असेल, असं मला वाटतं, म्हणून तुलाच लिहिते.

कोकिळाताई